मिरचीवर मारलेला सेंट

उमाकांत दुकानात शिरला आणि आधी गल्ल्यावरच्या मालकीण धापूबाई शिंकल्या. मग माल दाखवणारी रिना शिंकली. मग टिकल्यांच्या खोक्यावर झोपलेलं मांजर शिंकलं आणि तक्रार कुठे करायची असते या विचारात बाहेर निघून गेलं.

उमाकांतचा तसा दोष नव्हता. नंदुरबारच्या मिरची पथारीवर तो देखरेखीला होता. माळभर लाल मिरची वाळत पडलेली आणि तिच्या मधोमध तो. संध्याकाळपर्यंत निम्मी पथारी त्याच्या शर्टात मुक्कामाला यायची.

रिनाचे डोळे भरून आले. पहिल्याच भेटीत डोळे भरून येणं तिनं फक्त मालिकांमध्ये पाहिलं होतं. इथे कारण निव्वळ तिखट होतं... निदान पहिली दोन मिनिटं तरी.

"ताई, एक सेंट द्या. भारी, पण स्वस्तातला."

"लेडीज की जेन्ट्स, दादा?"

"मन्हाकरताच शे. रविवारे शहाद्याले पोर देखाले जानं शे."

"अरे वा," रिना म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून ते 'वा' जरा बारीक निघालं. तिनं मोबाईलच्या रिचार्जपेक्षा स्वस्त अशी एक बाटली काढली. बाटलीवर पीच होतं, लिची होती आणि तिसरं एक फळ होतं, जे बहुतेक छापणाऱ्यानं स्वतःच शोधून काढलं होतं. "हा दोघांना चालतो. बाईला पण, पुरुषाला पण."

"कसा शे वास?"

"तुम्हीच घेऊन बघा ना."

उमाकांत अपराध्यासारखा हसला. "मिरचीनी मन्हं नाक कवयंच मारी टाकं. तुम्हीच वास ल्या अन् माले सांगा."

तिनं त्याच्या मनगटावर एक फवारा मारला आणि वाकली. ताप आलेल्या पोराला पाजायच्या गुलाबी औषधाचा वास होता.

"आत्ता काही खरं नाही," ती म्हणाली. "सेंट लगेच कळत नाही. अर्ध्या तासानं या."

अर्ध्या तासानं तो आला. फळं थकली होती, फुलं उठली होती आणि उमाकांत एखाद्या मंगल कार्यालयासारखा दरवळत होता. "अजून उतरू द्या," रिना म्हणाली. "संध्याकाळी शेवटचं बघू."

संध्याकाळी तो हातपाय धुऊन आला. धापूबाई गल्ल्यावर बसून जपमाळ ओढत पेंगत होत्या. रस्त्यावरून तिरकं ऊन आत आलं होतं. त्यानं बाही सरकवून हात पुढे केला... रिना वाकली... आणि तशीच राहिली.

गोडवा खाली बसला होता. कुठेतरी चंदन होतं, उन्हात वाळलेल्या सुती कपड्याची ऊब होती आणि त्या सगळ्याखाली हळूच, धुऊनही न गेलेली मिरची. पिकल्या जामफळाची, म्हणजे पेरूची फोड, वर तिखट-मीठ. तिच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. माणसाबद्दल असं वाटणं बरं दिसतं का, हे विचारण्यासारखं जवळपास कुणी नव्हतं.

"कसा शे?"

शहाद्याची ती कोण मुलगी, तिच्या बैठकीत रविवारी हा वास शिरणार. ती वर बघणार...

"बेकार," रिना म्हणाली. "हा लावू नका. उद्या दुसरा बघू."

मग मंगळवारी चॉकलेटचा सेंट झाला. बुधवारी गुलाबाचा. गुरुवारी 'समुद्र' नावाचा आला; समुद्र आपण कुठे पाहिलाय, या मुद्द्यावर तिनं तो नापास केला. प्रत्येक सेंटाची तीन वेळा तपासणी, म्हणजे उमाकांतच्या तीन फेऱ्या. शुक्रवारपर्यंत ताई-दादा गळून पडले आणि रिनाही त्याच्याशी घरच्यासारखी अहिराणी बोलायला लागली. मांजरानं शेजारच्या दुकानात बिऱ्हाड केलं.

शनिवारी फळीवर फक्त अगरबत्ती आणि फिनाईल उरलं.

"आते काय दखाडशी?" त्यानं विचारलं.

रिनानं फिनाईलकडे पाहिलं. क्षणभर विचारही केला. मग पहिली बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. रविवार उद्यावर आला होता आणि चुकीचा वास लावून बिचारा तिथे हसं करून घेणार, हे काही तिच्यानं बघवलं नसतं.

"हाऊच भारी शे," ती खाली बघत म्हणाली. "पहिलेपासून भारी व्हता. मी खोटं बोलनी. निंघाना तासभर पहिले लाव... म्हणजे तठे पोचशी तवय बरोबर उतरी."

"खोटं कशाले बोलनी?"

रिना बाटलीवरची फळं मोजायला लागली.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला.

रिनानं झटकन वर पाहिलं. "कसं काय? तुले ते वास येत नही!"

"सोमवारे आठून पथारीवर गऊ. देठ खुडणाऱ्या बाया काम सोडी मन्हा मांगे! नर्मदाबाई म्हने, भाऊ, जामफळ कोठे लपाडं, एक फोड आम्हलेबी दे. मन्हा खिसा तपासा तिनी."

"मग रोज कशाले येत व्हता?"

उमाकांतनं बाटलीचं झाकण उघडलं... लावलं... पुन्हा उघडलं.

"मायले बुधवारेच सांगी दिधं, शहादं नको म्हणीसन. माले येगळीच भीती व्हती. तुले एखादा सेंट पसंत पडी गया, ते मंग मी काय निमित्त सांगीसन येऊ?"

गल्ल्यावर जपमाळ थांबली. धापूबाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण कान आता सरळ या बाजूला होते.

"उद्या पोर देखाले जाना इचार शे," उमाकांत म्हणाला. "रनाळाले. मायले संगे लईसन. चाली का?"

रनाळ्यात रिनाचं घर होतं. मुलीनं लगेच हो म्हणू नये, एवढं तिला कळत होतं, म्हणून तिनं अडचण शोधली.

"मन्हा हातना पोहा खारट व्हतस," ती गंभीरपणे म्हणाली.

"व्हवू दे. नाक गयं तवय चवबी गई. माले काय समजस?"

"अन् तुन्ही मायले?"

यावर मात्र उमाकांतनं बाटली खाली ठेवली.

"तिले चहा देजो," तो शेवटी म्हणाला. "पोहा मी एकलाच खासू. सगळा."

रिना हसली. "दहा वाजता या," ती म्हणाली. "भूक लईसन."