पट्टीखालचं लाकूड

पाळण्याचं काम सांध्यांत ठोकायच्या लाकडी खुंट्यांपायी अडलं होतं. बाकी सगळं तयार होतं. पाय, आडव्या पट्ट्या, कठड्याचे गज, सगळं रंधून, घासून, सांध्यात सांधा घालून, सुतळीने आवळून वर्कशॉपच्या खिडकीखाली उभं होतं. ते तसं उभं करून माझे यजमान घरात आले, जेवले, जरा आडवा होतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत.

सुतारकाम त्यांचं आणि पॉलिश माझं, अशी संसारभर आमची वाटणी होती. कधी हौसेने मी मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, उचलली की दोन ठोके पडायच्या आत हे मागून यायचे आणि 'आण इकडे' म्हणून ती काढून घ्यायचे. चिडून नाही, अगदी सहज, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी. त्यावरून आमची जुंपायची. मी अबोला धरायचे, ते चहा करून आणायचे. मोगरी काही परत मिळायची नाही.

आता लेक बाळंत झाली होती आणि दवाखान्यातून बाळाला घेऊन थेट माझ्याकडे येणार होती. फोनवर म्हणाली, आई, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस, आपण दुकानातून पाळणा आणू. दीरही तेच म्हणाले. त्यांचा दोन गल्ल्या सोडून लेथ आहे; लोखंडातला माणूस, त्यांना लाकडाचं कौतुक नाही. मी दोघांनाही सांगितलं की बाळ याच पाळण्यात झोपेल आणि उरलेलं सगळं, अगदी शेवटच्या खुंटीपर्यंत, मीच करणार. यांचं राहिलेलं काम मला तडीस न्यायचं होतं, आणि या वेळी ते हातातून काढून घेणारं कुणी नव्हतं. हे दुसरं बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

सांध्यांमधली खुंट्यांची छिद्रं यांनी आधीच पाडून ठेवली होती. पण यांचं लाडकं गिरमीट धार लावून लावून इतकं झिजलेलं की त्याचं छिद्र कुठल्याच मापात बसत नाही. बाजारातली खुंटी एक तर आत खुळखुळते, नाहीतर जातच नाही. म्हणून यांनी ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्याला लहानमोठी छिद्रं पाडून खुंट्या काढायची पट्टी केली होती, आणि त्यातलं एक छिद्र बरोब्बर त्या गिरमिटाच्या मापाचं होतं. लाकडाची कांडी चाकूने ओबडधोबड तासायची, छिद्रावर उभी धरायची आणि वरून ठोकायची. जास्तीचं लाकूड पोलादाच्या कडेला सोललं जातं आणि खालून गोल खुंटी पडते. हे ती पट्टी शिकंज्याच्या, म्हणजे टेबलावरच्या व्हाइसच्या, उघड्या जबड्यावर नुसती ठेवून ठोकायचे. पट्टी उडायची, यांचा अंगठा सुजायचा. हिला एक लाकडाची बैठक करायला हवी, असं ते लग्न झाल्यापासून म्हणत होते.

ती मी केली. जुन्या उंबरठ्याचा एक जाडजूड तुकडा माळ्यावर पडून होता, तो घेतला. पट्टी त्यावर ठेवून चाकूच्या टोकाने चारी बाजूंनी रेघ मारली आणि पटाशीने आतलं लाकूड थोडं थोडं उचललं. घाई केली की पटाशी रेघ ओलांडते, म्हणून मनगट दुखलं की थांबत होते. कोपरे साफ करायलाच सकाळ गेली. पट्टी खाचेत घातली तेव्हा ती इतकी नेमकी बसली की बोटाने दाबल्यावर खालची हवा छिद्रांतून फुस्स करून बाहेर आली. मी एकटीच हसले. मग पट्टीच्या छिद्रांतून पेन्सिलीने खालच्या लाकडावर खुणा केल्या, पट्टी काढली आणि त्या खुणांवर आरपार मोठी भोकं पाडली, म्हणजे खुंट्या त्यांतून खाली पडतील. बुडाला, भोकं सोडून, एक जाड लाकडी फळी ठोकली, शिकंज्यात धरायला. पट्टी परत खाचेत बसवून दोन्ही टोकांना स्क्रू आवळले. झाली बैठक.

पहिली कांडी तासली, टोकाला पेन्सिलीसारखी निमुळती केली आणि आपल्या मापाच्या छिद्रात धरून हातोडीने ठोकली. छान जात होती. कडेने लाकडाच्या पातळ, कुरळ्या साली वर येत होत्या. पूर्ण आत गेली की दुसऱ्या कांडीने ती खाली ढकलायची. तशी ढकलली.

खाली टोपली ठेवली होती. त्यात काही पडल्याचा आवाज आला नाही.

घरंगळली असेल म्हणून मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधलं. भुसा होता, एक जुना खिळा होता. दुसरी ठोकली, तीही गेली. टोपली रिकामीच. मग मी बैठक शिकंज्यातून सोडवली आणि खालून उजेडाकडे धरून पाहिली, आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. त्या पट्टीला सुलटी आणि उलटी बाजू आहे. छिद्रं खालच्या अंगाला किंचित रुंदावलेली असतात. खुणा करताना मी ती उलटी ठेवली होती आणि बसवताना सुलटी बसवली. त्यामुळे छिद्रांचा क्रमच फिरला. काही भोकं अर्धीमुर्धी जुळली होती, आणि आपल्या मापाच्या छिद्राखाली भोकच नव्हतं. नुसतं भरीव लाकूड होतं.

स्क्रू काढले, पट्टी उचलली. छिद्राखालचं लाकूड स्वच्छ होतं. नखाएवढाही खळगा नाही. ठोकताना निदान दबल्याची खूण तरी हवी होती.

मी डोकं शांत ठेवलं. वस्तू नाहीशी होत नाही, आपण शोधलेल्या जागी ती नसते, एवढंच. पुन्हा झाडू मारला. झाडता झाडता पाळण्यापाशी आले आणि हात थांबला. अलीकडच्या पायाच्या वरच्या सांध्यातली दोन छिद्रं भरलेली होती. खुंट्या लाकडाशी इतक्या सपाट होत्या की नख अडकत नव्हतं.

मी परत पट्टी आवळली, तशीच, चुकीची. नव्या कांडीच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली आणि ठोकली. ती गेली. उठून पाळण्यापाशी गेले. तिसऱ्या छिद्रात लाल फुली होती.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. मला आधी राग आला. मी स्टुलावर बसले आणि रिकाम्या वर्कशॉपला मोठ्याने म्हणाले, "आता तरी मला करू द्या की हो." मग मात्र रडू फुटलं. किती दिवसांनी त्यांच्याशी भांडायला मिळालं होतं.

डोळे पुसले आणि हट्टाला पेटले. हे कुठवर चालतं ते बघायचंच, म्हणून कांड्या तासत गेले आणि ठोकत गेले. प्रत्येक खुंटी लाकडात जात होती आणि पाळण्यात निघत होती. दुपारपर्यंत पाळण्याची अलीकडची बाजू भरली. सांधे हलवून पाहिले, जरा हलेनात. काम इतकं सुबक होतं की मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात दीर आले. त्यांनी भरलेल्या सांध्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, दादाचाच हात वाटतो. मी बैठक पुढे केली आणि एक खुंटी काढून बघा म्हटलं. त्यांनी सवयीने आधी छिद्रात डोळा लावला.

"वहिनी, हिच्याखाली भोक कुठंय?"

"ठोकून तर बघा, भावजी."

त्यांनी ठोकलं. कांडी थोडी आत गेली आणि अडली. त्यांनी जोर लावला तशी ती उभी चिरली, आणि पट्टी घंटेसारखी वाजली. मी चिरलेली कांडी काढली, दुसरी धरली आणि ठोकली. ती दिरांच्या देखत सरसर आत गेली. त्यांनी टोपलीत पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, पाळण्याकडे मात्र पाहिलं नाही. पँटला हात पुसले आणि म्हणाले की बैठक चुकलीय, दुसरी करा, नाहीतर खरंच दुकानातून आणू. बाळाला घ्यायला दवाखान्यात जायचंय म्हणून ते निघाले. एरवी ते चहा घेतल्याशिवाय हलत नाहीत.

पलीकडची बाजू अजून मोकळी होती. तीसुद्धा अशीच भरली असती, मला नुसतं ठोकत बसायचं होतं. पण मग त्यात माझं काय? मी पट्टी काढली, या वेळी सुलटी ठेवून खूण केली आणि त्या भरीव जागी गिरमीट लावलं.

लाकूड जुनं होतं, खडखडीत वाळलेलं. वरचा कीस कोरडा निघाला. मध्यावर गेल्यावर निघाला तो कोमट होता. गिरमिटाने लाकूड तापतं, हे मला माहीत आहे. मी थांबले, गिरमीट पूर्ण निवू दिलं आणि पुन्हा फिरवलं. कीस तेवढाच कोमट होता. मी भोक आरपार पाडलं.

आता खुंट्या टोपलीत पडू लागल्या. टक, टक, असा साधा आवाज. इतका बरा वाटला तो आवाज. मी त्या उचलून बोटांत फिरवल्या, कडा घासून जरा गोल केल्या आणि पाळण्याच्या मोकळ्या बाजूला लावायला घेतल्या. आधी कोरड्या अर्ध्या बसवून बघायच्या, मग सरस लावून पक्क्या करायच्या, अशी पद्धत. माझ्या खुंट्या यांच्या छिद्रांत नीट जात होत्या. मोगरी माझ्या हातात होती आणि मागे कुणी उभं नव्हतं. दोनदा वळून पाहिलं, कुणी नव्हतं.

दिरांचा फोन आला, निघालोय म्हणाले. मागे बाळ रडत होतं.

एकच खुंटी उरली होती.

ती थोडी आत गेली आणि थांबली. छिद्राची खोली मी काडीने मोजलेली होती, आत भरपूर जागा होती. पुन्हा ठोकलं. आत कुणीतरी बोट लावल्यासारखी ती जागची हलेना.

पक्कडीने धरून मी खुंटी बाहेर ओढली. टोकाला काहीतरी पिवळट, चिकट लागलं होतं.

सरस.

सरस मी अजून वितळवलाच नव्हता. त्याच्या वड्या डब्यात कोरड्या होत्या, शेगडी थंडगार होती. खुंटीवरचा सरस मात्र गरम होता, त्याची बारीक वाफ निघत होती.

सरस निवायला वेळ लागत नाही, आणि निवला की सांधा फुकट जातो. विचार करत बसायला सवडच नव्हती.

"ही मी ठोकणार," मी म्हणाले. "तुम्ही सोडा."

खुंटी छिद्रात ठेवली आणि हात काढून घेतला. ती पडली नाही, कलली नाही. नुसती टेकवलेली खुंटी अशी उभी राहत नाही. आतून कुणीतरी ती धरली होती, दुसऱ्याने नीट ठोकावं म्हणून धरतात तशी.

मी मोगरी उचलली. ती कुणी काढून घेतली नाही.

पहिला ठोका घातला. खुंटी आत सरकली. ठोका पडताना आतली पकड सुटायची आणि लगेच पुन्हा धरायची, बोटं चेंगरू नयेत म्हणून आपण सोडतो ना, तशी. माझ्या हाताला ते कळत होतं. आम्ही दोघं मिळून ठोकत होतो, आणि मला त्याचं सुख वाटत होतं.

बाहेर गाडी थांबली. लेकीने हाक मारली.

खुंटी जवळजवळ लाकडाशी आली होती. मी शेवटचा ठोका जोरात घातला.

त्या ठोक्याला पकड सुटली नाही. खुंटी लाकडाशी सपाट झाली आणि धरणारी बोटं आतच राहिली.