चुन्यातला आवाज

कादंबरीकार केशवराव हुपरीकर यांच्या कुरुंदवाडच्या घराचे संग्रहालय झाले, तरी कोणती खुर्ची कुठे मांडायची हे त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईच ठरवीत. आज त्यांनी आपली खुर्ची लेखनाच्या खोलीत, भिंतीसमोर मांडून घेतली होती.

भिंतीवर संशोधक डॉ. मृण्मयी तांबट यांचे भित्तिश्रावक यंत्र रोखलेले होते. ओला चुना हवेतला कर्बवायू शोषून दगड होतो, आणि होता होता खोलीतल्या आवाजाची थरथर आपल्या कणांत धरून ठेवतो. यंत्राचा किरण ती वाचतो. पण वाचलेला थर जळून जातो.

"बाकी घरांच्या भिंती मुक्याच निघाल्या, आजी. इथेच आवाजाच्या खुणा कशा दिसतायत?" मृण्मयीने विचारले.

"दरवर्षी दिवाळीपूर्वी भिंतींना चुन्याचा हात मी स्वतः द्यायची आणि तेव्हाच आमचे हे मला नवं प्रकरण वाचून दाखवायचे. म्हणायचे, हात रिकामे असले की ही चुका फार काढते!"

यंत्र सुरू झाले. बादलीची कडी वाजली आणि पाठोपाठ केशवरावांचा आवाज आला.

"कुमुद, कादंबरी शेवटाविना छापणार. वाचकानं तो आपला आपण शोधावा. हा लिहिला तो फक्त तुझ्यासाठी."

"नाहीतर चकल्या मिळाल्याच नसत्या!" भिंतीतून तरुण कुमुदिनीबाई खणखणल्या.

"शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

"घेतली. वाचा आता."

"थांबव!" कुमुदिनीबाई म्हणाल्या.

मृण्मयीने यंत्र थांबवले. "आजी, तो शेवट! लोक जन्मभर विचारत आलेत!"

"मलाच विचारत आलेत. विसरले म्हणून सांगायची."

"मग... बंद करू?"

कुमुदिनीबाईंची नजर भिंतीवरून हलेना. किती वर्षांनी तो आवाज कानी पडला होता! अजून अख्खे प्रकरण बाकी होते.

"वाचन चालू दे. नोंद तेवढी बंद कर."

"थर जळाला की काहीच उरणार नाही! माझं सगळं संशोधन याच्यावर..."

"मुली, शपथ मी घेतलीय. भिंतीनं नव्हे. बटण दाब."

मृण्मयीने नोंद बंद केली आणि बटण दाबले.

केशवराव वाचत राहिले. कुमुदिनीबाई एकदा मनमुराद हसल्या, एकदा "लांबलं हो हे वाक्य" म्हणून पुटपुटल्या. वाचन संपले तेव्हा भिंतीवर जळालेल्या चुन्याचा पट्टा उरला होता, आणि मृण्मयी डोळे पुसत होती.

"आवडला ना शेवट?" कुमुदिनीबाईंनी समाधानाने विचारले. "आता तो ठाऊक असलेल्या आपण दोघी. माझ्यामागे तू एकटीच. लोक तुला विचारतील तेव्हा काय सांगशील?"