मुका ट्यूबा

“भुस्स!”

दसऱ्याच्या सुट्टीतही शाळेत सरावाला आलेल्या बँडच्या मुलांनी माना वळवल्या. संहितानं पुन्हा छातीभर श्वास घेतला, गाल फुगवले आणि ट्यूबात जोर लावून फुंकलं.

“भुस्स्स!”

“कुकरची रिंग सैल झालीय वाटतं!” मोठ्या ड्रममागून अजिंक्य ओरडला.

संहिताचं टाळकंच सरकलं. या वाद्यासाठी तिनं वर्षभर वाट पाहिली होती. ट्यूबा म्हणजे पितळेचा अगडबंब कर्णा. तो मांडीवर घेतला की मागे संहिता बसलीय हे फक्त वेण्यांवरून कळायचं. परवापर्यंत तो हत्तीसारखा घुमत होता. आणि आज, आयुधपूजेच्या दुसऱ्याच दिवशी, एकदम मुका! संध्याकाळी शमीच्या, म्हणजे इथल्या कन्नडमध्ये बन्नीच्या, पूजेची मिरवणूक सगळ्या जयनगरातून निघायची होती. तिच्यात संहिता पहिल्यांदाच ट्यूबा वाजवणार होती!

बँडचे रविकिरण सर तरातरा आले. सर बेळगावचे. इतरांना ते कन्नडमध्ये रागवत. मराठी मुलांसाठी मात्र खास मराठी राखून ठेवलेलं होतं.

“नाश्ता केलीस का नाही गं?”

“चार इडल्या, एक वडा, सर.”

“मग ते सगळं गेलं कुठं? फुंक की!”

“सर, आत काहीतरी अडकलं—”

“आत काही नसतं! आत हवा असते, आणि ती तू घालायची असते. सरी, ठीक आहे, राहू दे. संध्याकाळी तू झांजा घे. यंदा ट्यूबा नाही.”

“एकदा उलटा करून बघू का?”

“पूजा झालेलं वाद्य उलटं करतात होय? काहीतरीच!” आणि सर गेलेसुद्धा.

मनस्विनी आपला भलामोठा डबल बास, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊच, भिंतीला टेकवून धावत आली. “रडू नकोस गं.”

“रडतंय कोण? चिडलेय मी! मोठ्या माणसांना वाक्य पुरं ऐकायला काय होतं?”

तिनं रागानं ट्यूबा स्टँडवर ठेवला. तो जरासा कलला आणि त्याच्या रुंद तोंडातून झेंडूची एक पाकळी तरंगत खाली आली.

ती बघायला अजिंक्यही ड्रममागून उठून आला.

“फूल वरून पडलं असेल,” अजिंक्य म्हणाला.

“वरून कुठून? पंख्यातून?” संहिता करवादली. तिनं खोलीभर नजर फिरवली. कालच्या पूजेत प्रत्येक मोठ्या वाद्यापुढे झेंडू आणि दृष्ट लागू नये म्हणून एक लिंबू ठेवलं होतं. ड्रमपुढे लिंबू होतं. डबल बासपुढेही होतं. ट्यूबापुढे मात्र नुसती रांगोळी!

“मने! काल लिंबं कुणी ठेवली?”

मनस्विनीचे डोळे वाटोळे झाले. “अगं… सरांनीच की!”

“म्हणजे लिंबू यांनी घालायचं आणि झांजा मी वाजवायच्या?”

“जा, सांग त्यांना,” अजिंक्य म्हणाला. “मी लांबून बघतो.”

“आपण सांगितलं तर ऐकणार आहेत का? ट्यूबालाच सांगू दे!”

तेवढ्यात मुख्याध्यापिका वसुमती मॅडम हरभऱ्याच्या उसळीचा प्रसाद घेऊन आल्या. मागोमाग सरही आले. संहितानं चेहरा अगदी गरीब केला.

“सर, मी झांजा घेते. पण मॅडमना ट्यूबा ऐकवायचा राहिला ना! तुम्हीच वाजवता का? मलाही शिकायला मिळेल.”

“हो, हो! वाजवा ना सर!” मॅडम म्हणाल्या.

सर खूश! त्यांनी ट्यूबा उचलला, बाह्या सावरल्या, डोळे मिटले आणि फुंकलं.

“भुस्स!”

त्यांनी पुन्हा फुंकलं. सरांचा चेहरा आधी टोमॅटोसारखा झाला, मग बिटासारखा. कपाळावरची शीर टरारली.

“सरांनी नाश्ता केला नसेल,” अजिंक्य पुटपुटला.

“ह्याच्या आत काहीतरी आहे!” सर धापा टाकत ओरडले.

“हो का, सर?” संहिता म्हणाली.

“बघता काय? उलटा करा रे!”

तिघांनी मिळून ट्यूबा उलटा धरला. मनस्विनीनं त्याच्या पाठीवर तळहातानं थोपटलं. एकदा, दोनदा… आणि चुरगळलेल्या झेंडूसकट एक पिवळंधमक लिंबू टप्पकन मॅडमच्या पायाशी पडलं!

“हे आत कुणी घातलं?” मॅडमनी विचारलं.

सर लिंबाकडे बघता बघता कानापर्यंत लाल झाले.

“एका हातात आरतीचं ताट होतं, मॅडम. दुसऱ्या हातात घंटा हवी होती. समोर एवढं मोठं तोंड उघडं दिसलं, म्हटलं, फूल-लिंबू इथंच राहू दे… आणि विसरलोच.” ते संहिताकडे वळले. “चुकलं माझं. तू सांगत होतीस, मी ऐकलंच नाही. झांजा मी वाजवतो. ट्यूबा तुझा.”

“शाबास, मुलांनो!” मॅडम म्हणाल्या. “सूर लागला नाही, तर का लागला नाही हे शोधलंत. कुणालाही न दुखवता दाखवूनही दिलंत. दोन्ही गोष्टी सरांच्या शिकवणीत नव्हत्या, नाही का सर?”

सरांनी मुकाट्यानं झांजा उचलल्या.

संध्याकाळी मिरवणूक चौकात आली. संहितानं ओठ माउथपीसला लावले आणि दिवसभराचा सगळा वैताग आत ओतला. असा काही सूर घुमला, की कडेला उभ्या असलेल्या गाडीचा अलार्म केकाटायला लागला!

“अय्यो! स्वल्प हळू, अक्का!” रिक्षावाला कानांवर हात ठेवून ओरडला.

संहितानं ट्यूबाआडून त्याच्याकडे पाहिलं, आणि आणखी मोठा श्वास घेतला.