रिकाम्या खाटेचा फोटो

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण मी तिथं होते. दाराबाहेर, प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर गणिताची वही घेऊन.

दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या मुठीत होती.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती. संक्रांतीच्या सुट्टीचा मंगळवार. छत्रपती संभाजीनगरहून वाळूजकडे जाताना कंपन्या लागतात ना, त्यांच्या मागच्या रांजणगावातली एक दहा बाय दहाची खोली.

मी श्रेया, अकरावीत आहे. दहावीपर्यंत मी वर्गात हजेरीशिवाय तोंड उघडलं नाही. यंदा मात्र वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली.

त्या मंगळवारपर्यंत.

माझी मोठी बहीण मोनाली फोटोग्राफी शिकते, दुसऱ्या वर्षाला. तिला वर्षाचा प्रोजेक्ट द्यायचा होता. एक कल्पना घ्यायची आणि तिच्यावर फोटोंची मालिका करायची. ऐकायला सोपं आहे. सरांनी तिच्या तीन कल्पना परत पाठवल्या होत्या.

पहिली, फुटक्या आरशात डोळे. सर म्हणाले, "हे कॅलेंडर झालं."

दुसरी, बाटलीत कोंडलेले कागदी मासे. "हे पोस्टर झालं."

तिसरीसाठी तिनं मला पांढरी चादर गुंडाळून गच्चीवर दोन तास उन्हात उभं केलं. सरांनी फोटो बघितला आणि विचारलं, "ही कोण आहे, आणि हिला चादर का?"

मोनाली घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता पलंगावर पडली. पप्पा म्हणाले, "फोटो काढायला मोबाईल पुरतो. या वर्षी नाय जमलं तर नर्सिंग." फॉर्म त्यांनी आणून फ्रिजवर ठेवलाच होता. पाणी प्यायला गेलं की तो दिसायचा.

चौथी कल्पना तिला संघपालदादामुळे सुचली. दादा आमच्या मोठ्या काकांचा मुलगा. तो वाळूजला कंपनीत आहे आणि रांजणगावात खोली करून राहतो. खोलीत लोखंडी खाट एकच, माणसं दोन. दादा दिवसा कामाला जातो. त्याचा पार्टनर कडुबा देवगाव रंगारीचा, तो नाईटला जातो. दादा उठतो तेव्हा कडुबा येतो आणि त्याच खाटेवर पडतो. वर्ष झालं, दोघांनी एकत्र चहासुद्धा धड घेतलेला नाही.

"एक खाट, दोन शिफ्ट," मोनाली म्हणाली. तिचे डोळे महिन्यानंतर पहिल्यांदा चमकले.

तिनं कॅमेराही स्वतःच बनवला. दूध पावडरचा डबा, आतून काळा रंगवलेला, पुढं सुईनं पाडलेलं एक बारीक भोक. आत फोटोचा कागद लावायचा. भोकावरची चिकटपट्टी काढली की फोटो सुरू.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावरच आहे. त्या भोकातून उजेड इतका हळू शिरतो की फोटो उमटायला चार-पाच तास लागतात. मधे कुणी आलं-गेलं तर ते दिसतच नाही. जे हलतं ते पुसट होतं.

जे तासन्‌तास अजिबात हलत नाही... तेच स्पष्ट उमटतं.

दादाच्या सुट्टीच्या दिवशी तो दुपारभर झोपला, तेव्हा पहिला फोटो काढला. खाट स्पष्ट. दादा म्हणजे पिंजलेला कापूस. कडुबाचाही तसाच. झोपेत माणूस किती वळवळतो ते तेव्हा कळलं.

"आता तिसरा रिकाम्या खाटेचा," मोनाली म्हणाली. "अंथरूण पसरलेलं, माणूस नाही."

संक्रांतीला कडुबा पंधरा दिवस गावी गेला. दादा कामाला. खोली मोकळी.

त्या खोलीत एक पद्धत होती. उठलं की लगेच गादी गुंडाळायची आणि भिंतीला उभी करायची. घरमालकीण वच्छलाबाई खोली देतानाच हे सांगायच्या. का, ते कुणी विचारलं नव्हतं. दादा आणि कडुबा घाईत असले तरी गादी गुंडाळायचे, पाच मिनिटांनी दुसरा ती परत पसरणार असला तरी.

आम्ही ती पसरली. चादर ताणून घातली. उशी ठेवली.

दहा वाजता मोनालीनं चिकटपट्टी काढली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. "कुणाला आत सोडू नको," म्हणाली आणि कागदाचं नवं पाकीट आणायला शहरात गेली.

शेजारी पिठाची गिरणी होती. तिच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी गणितं सोडवत बसले.

साडेअकराला वीज गेली.

गिरणी थांबली. गल्ली एकदम गप्प झाली.

आणि आतून... खाट करकरली.

एकदाच. माणूस खाटेवर टेकतो आणि मग पाय वर घेतो, तशी.

मी कुलूप बघितलं. लागलेलं होतं. खोलीला खिडकी एकच, तिला गज. मी दाराला कान लावला. आपण झोपलेल्या माणसाच्या खोलीबाहेर उभे असलो की काहीतरी ऐकू येतं, श्वास, कूस, घसा खाकरणं.

काहीच नाही.

तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. गजातून आत डोकावल्या.

"गादी पसरून ठिवलीय व्हय?"

"हो मावशी. फोटोसाठी."

त्या अजून थोडा वेळ बघत राहिल्या. मग पदर सावरला आणि निघून गेल्या. मीही गजातून बघितलं. चादर ताणलेली, खाट रिकामी. मी स्वतःलाच हसले.

संध्याकाळी आमच्या बाथरूममध्ये लाल बल्ब लावून मोनालीनं कागद धुतला. कागदावर काळ्याचं पांढरं उमटतं, म्हणून मग मोबाईलवर ते उलटं केलं.

खाटेवर माणूस होता.

भिंतीकडं तोंड, आपल्याकडं पाठ, गुडघे पोटाशी. बनियनची शिवण दिसत होती. मानेवरचे केस दिसत होते. इतका स्पष्ट, की खाटेचे पायसुद्धा त्याच्यापुढं पुसट वाटावेत.

मोनाली माझ्यावरच उखडली. "तू आत झोपलीस."

"मला बनियन आहे का?"

"मग कागद बदललास. कडुबाच्या फोटोचाच परत वापरला गेला. एक काम धड करता येत नाही, भाषणं ठोकायला सांगा नुसती."

ती रडकुंडीला आली होती. मीही. दोघी दोन दिवस बोललो नाही.

रविवारी दादाला ओव्हरटाईम होता. मोनालीनं नवं पाकीट माझ्यासमोर फोडलं, डबा स्वतः भरला, आणि या वेळी स्टुलावर स्वतः बसली, माझ्या शेजारी. पाच तास. खाट एकदा करकरली. तिनं माझा हात पकडला, पण उठली नाही.

कागद धुतला.

तोच माणूस होता. पण या वेळी तो भिंतीला चिकटून झोपला होता. पुढची अर्धी खाट मोकळी होती.

सरकून जागा करून दिल्यासारखी.

दादाला दाखवला. तो आधी हसला. "मोने, माझ्या खाटेवर मला सोडून कुणाला झोपवती गं?" मग त्यानं मोबाईल जवळ घेतला. "हा कडुबा नाय. कडुबा लुकडा हाय." आणि त्यानं मोबाईल पालथा ठेवला.

वच्छलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लई पोरं ऱ्हाऊन गेली या खोलीत. कुना-कुनाचं ध्यान ठिवायचं? गादी तेवढी गुंडाळत जा."

मला वाटलं, संपलं. आता मोनाली ही कल्पना सोडेल.

पण शुक्रवारी प्रोजेक्ट द्यायचा होता. बुधवारी तिनं तो फोटो सरांना दाखवला, आणि वर्षात पहिल्यांदा सर खुर्चीतून उठले.

"पाच तास एवढा स्थिर? मॉडेल कोण आहे?"

उत्तराची वाट न बघता ते परत फोटोवर वाकले.

"हेच शोधत होतीस तू. पण पुढची जागा रिकामी का सोडलीस? इथं दुसरं माणूस पाहिजे. दोन शिफ्ट, एक खाट. त्याशिवाय कल्पना अर्धी आहे."

घरी येऊन तिनं माझ्याकडं बघितलं.

"नाही," मी म्हणाले. आयुष्यात एवढं ठाम मी स्टेजवरही बोलले नव्हते.

"चारच तास, श्रेये."

"नाही म्हणजे नाही. आणि तूही जायचं नाहीस."

तिनं फ्रिजकडं बोट दाखवलं. "मग तो फॉर्म तू भर."

गुरुवारी मी कॉलेज बुडवून तिच्यासोबत गेले. एकटीला कशी सोडणार? गादी तिनं पसरली. खाटेच्या पुढच्या अर्ध्या भागात ती आडवी झाली, डब्याकडं पाठ करून. चिकटपट्टी मी काढली. दार नुसतं लोटलं, कुलूप लावलं नाही. दर पाच मिनिटांनी मी हाक मारायची आणि तिनं "हं" म्हणायचं, असं ठरलं होतं.

"मोने?"

"हं."

"मोने?"

"हं."

गिरणी थांबली नाही, पण मला खाट ऐकू आली. एकदा.

"मोने?"

काही नाही.

मी दार ढकललं. ती झोपली होती. खांदे हलत होते, श्वास होता, मी नीट बघितलं. उठवू की नको? उठवलं तर फोटो गेला, आणि फोटोबरोबर तिचं वर्ष. मी दारातच उभी राहिले. तीन तास. नजर हटवली नाही. तिच्या पलीकडं भिंत आणि मोकळी चादर, बास.

दोन वाजता तिला हलवलं. "एवढ्यात झाले चार तास?" ती म्हणाली. तिची पाठ गरम होती. भिंतीकडं असलेले हात माठासारखे गार होते.

फोटोत दोघं आहेत. सरांना तो इतका आवडला की तो कॉलेजच्या प्रदर्शनात लागला. नर्सिंगचा फॉर्म पप्पांनी स्वतः फाडला. सगळे खूश आहेत.

मी सोडून.

मोनाली दोन मिनिटं एका जागी बसत नाही. झोपेत लाथा मारते, मी लहानपणापासून खाल्ल्यात. त्या दुपारीही तिचे खांदे हलताना मी माझ्या डोळ्यांनी बघितले. फोटोत तिची वेणी, वेणीतला एकेक केस मोजता येतो.

तीसुद्धा पूर्ण स्पष्ट आली आहे.

आज रविवार आहे, दुपार आहे. ती आतल्या खोलीत झोपली आहे. आई म्हणते, "झोपू दे, दमलीय पोरगी." हे लिहिता लिहिता मी तीन वेळा उठून बघून आले.

अकरा वाजल्यापासून तिनं कूस बदललेली नाही.

पलंगाच्या अगदी काठावर झोपली आहे. पलीकडं एका माणसाची जागा ठेवून.