मागच्या रांगेतले पान

वसंत ऋतूच्या उत्तरार्धात, एका मंगळवारी सकाळी साडेसात वाजता, उद्यान खात्याच्या कीटक विभागाचा कनिष्ठ निरीक्षक टेकडीखालच्या गल्लीतील शेवटच्या घराच्या परसात हजर झाला. त्याच्या हाती नोटीस होती: लिलीवरील लाल भुंगेरे चौदा दिवसांत नाहीसे झाले नाहीत, तर सर्व कंद उपटून जाळण्यात येतील. शेजारच्या रोपवाटिकेने तक्रार केली होती, आणि तक्रार रास्त होती.

त्या गोष्टीला आज तीस वर्षे लोटली. तरी त्या सकाळचा ओल्या मातीचा वास थोरलीला जसाच्या तसा आठवतो. घरात तिला सारे थोरलीच म्हणत. नकाशांच्या कचेरीत ती रेषा ओढण्याचे काम करी. वाफ्यातले एकोणीस कंद तिच्या आईने शेवटच्या आजारपणात, आत्याच्या खांद्याचा आधार घेऊन लावले होते. ते जाळायचे म्हणजे... त्यापुढचा विचार ती करीतच नसे.

तिने एक भुंगेरा चिमटीत धरू पाहिला. तो टपकन खाली पडला, उताणा झाला, आणि काळ्या पोटामुळे मातीत दिसेनासा झाला.

"असं नाही," निरीक्षक म्हणाला. "आधी खाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरायचं, मग हात लावायचा. घाबरला की तो स्वतःच उडी घेतो."

"आणि भांडं कोण धरणार?"

"मी धरतो की."

"सरकारी माणूस माझ्या हाताखाली? नोंद करा हो कुठंतरी!"

"करतो. पण तुम्ही भांड्याकडे बघा — माझ्याकडे नको."

"बघतंय कोण!"

बघत तीच होती.

मग तो रोज कचेरीआधी येऊ लागला. भुंगेऱ्यांची अंडी पानाच्या उलट्या बाजूला, केशरी मण्यांसारखी ओळीने चिकटलेली असतात. ती ओल्या फडक्याने पुसावी लागतात. पुढची रांग तिची, मागची त्याची, अशी वाटणी त्यानेच करून टाकली. एकदा पाऊस भुरभुरला, तेव्हा त्याने छत्री तिच्यावर धरली आणि स्वतःची वही भिजू दिली. आठव्या दिवशी एकही भुंगेरा सापडला नाही.

"झालं ना मग?" पायरीवर बसलेल्या आत्याने विचारले.

"अजून... दोन दिवस पाहायला हवं," तो म्हणाला. थोरलीने हरकत घेतली नाही. ते दोन दिवस सरले. त्याने आणखी दोन मागितले.

तेराव्या सकाळी त्याला यायला उशीर झाला, म्हणून तिने मागची रांगही तपासायला घेतली. शेवटच्या रोपाचे खालचे पान उलटले, आणि तिचा हात थबकला. दोन ओळी अंडी. केशरी रंग जाऊन काळपट पडलेली. म्हणजे फुटायला आलेली.

तो फाटकातून आत आला, तो तिच्या प्रश्नावरच.

"हे पान तुम्ही पाहिलं नाहीत?"

"पाहिलं."

"कधी?"

"सहा दिवसांपूर्वी."

"माझ्या आईचे कंद आहेत हे! ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं. सात दिवसांआधी ती फुटत नाहीत. रोज आल्याआल्या पहिलं तेच पान बघत होतो... उद्या पुसणार होतो."

"पण ठेवलीत कशाला?"

त्याने वही या हातातून त्या हातात घेतली. "अंडी असताना 'वाफा स्वच्छ' असं खोटं लिहिता येत नव्हतं. आणि ती नसती, तर मला इथं यायला कारण उरलं नसतं."

तिचा राग खरा होता. त्या रागाबरोबर आणखीही काही होते, आणि तेही तितकेच खरे होते. हे तिने पुढे कधीच नाकारले नाही.

"कारण कशाला लागतं? तोंड नव्हतं का विचारायला?"

"होतं... धीर नव्हता."

तिने फडके भिजवले, ते पान स्वतःच्या हाताने पुसले, पुन्हा पुसले. "आता लिहा. वाफा स्वच्छ."

त्याने लिहिले. अक्षर वाकडे आले.

"म्हणजे उद्यापासून..."

"उद्या वही न घेता या."

पायरीवर आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळले.

"लबाडीसुद्धा धड जमत नाही याला," ती म्हणाली. "संसाराला चालेल."