बिनलग्नाचा चौक

सुनिल गंजाड गावचा. चारोटीच्या पुढं हायवेलगतच्या खासगी युनिव्हर्सिटीत डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला. पोरं तिथंच शिकतात, तिथंच राहतात. शेवटच्या प्रोजेक्टात उडाला असता तर वर्षही गेलं असतं आणि हॉस्टेलची जागाही. म्हणून त्यानं ठरवलं, कॉमन रूमच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचा, लग्नघराच्या भिंतीवर पिठानं चितारतात तसा.

गावात चौक लिहायला नवशीमामीला बोलावतात. तिनं फोनवरच झापलं. "लग्न नाय तं चौक कसला? देवीला घरात बसवून सांगशील काय?"

"मामी, हॉस्टेल म्हंजे घर नाय."

"मग निजतस कुठं?"

त्याला हसू आलं. भिंतीला गेरू लावला, तांदळाचं पीठ कालवलं, बांबूच्या काडीनं एकट्यानंच चौक लिहिला. मधे लग्नाची देवी, पालघट. नवरा-नवरीची जागा मुद्दाम मोकळी सोडली. लग्नच नाही, मग देवी कशाला रागवेल?

दुसऱ्या दिवशी पीठ ओलंच. एप्रिलची काहिली, वर पंखा गरगरतोय, तरी बोटाला लागत होतं.

"डिंक कमी पडला, कलाकार," रूममेट प्रविण म्हणाला.

मग बाथरूममध्ये हळदीचा वास यायला लागला. "कोण हळद लावून आंघोळ करतंय बे? नवरदेव कोण?" प्रविण ओरडला. सगळे खिदळले. सुनिलही.

हात धुताना त्याला दिसलं, नखं पिवळी झाली होती. साबण लावला. घासली. पिवळीच.

परीक्षेला आलेल्या मॅडम चौकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"नवरा छान काढलायस. नवरी का नाही?"

सुनिलनं भिंतीकडं पाहिलं. मोकळ्या जागेत एकजण उभा होता. काडीसारखे हात. पीठ ओलं.

"राहिली," तो कसाबसा म्हणाला.

मॅडमनी पास केलं.

दुपारची वेळ. पोरं मेसला गेलेली. रिकाम्या कॉरिडॉरमधून त्यानं फोन लावला.

"मामी, पास झालो!"





"कोनाच्या मांडवात हायेस? बाया गातात."

"कसल्या बाया? पोरांचा हॉस्टेल हाय. कोनच नाय इथं."

मामी ऐकत राहिली.

"तुजाच नाव घेतात रं."

सुनिलला कसलंच गाणं ऐकू येत नव्हतं.

"आनि नवरीचा?"

मामीचा आवाज एकदम बारीक झाला.

"नवरीचा नाव आला का सगळ्या गप होतात."