फक्कीवरची पावलं

चष्मिस मेलेल्या मेंढीजवळ उकिडवा बसला होता आणि त्याची धाकटी बहीण शेंगदाणा नाक दाबून मागे उभी होती. सुट्टीत दोघं मावशीकडे आले होते. मावशी जनावरांची डॉक्टर. मेंढीवाल्या बाईंचा निरोप आला, तशी ती निघाली आणि हे दोघंही गाडीत चढले.

कुंपणात चार मेंढ्या मरून पडल्या होत्या. शेजारच्या पोल्ट्रीचा मालक, हे बिबट्याचंच काम, असं जमलेल्यांना सांगत होता. मटणात विष घालून ते टेकडीवर ठेवायचं त्याने ठरवूनही टाकलं होतं. मावशीने कडाडून विरोध केला, तेव्हा तो म्हणाला की उद्या सकाळपर्यंत थांबतो, पुरावा दाखवा.

"बिबट्या गळा धरतो ना?" चष्मिसने मावशीला विचारलं.

"हो. एकटा दबकत येतो, नरडं आवळतो आणि शिकार ओढून नेतो."

"मग जखमा मागच्या पायांना का आहेत? आणि एकही मेंढी ओढून नेलेली नाही."

मावशी खाली वाकली. टोळीने शिकार करणारे पाठलाग करतात, पळत्या जनावराचे मागून लचके तोडतात, हे तिला पाठ होतं. घाईत तिने नीट पाहिलंच नव्हतं.

उरलेल्या मेंढ्या मावशीच्या दवाखान्याच्या आवारात हलवल्या. मारणारे पुन्हा येतील म्हणून मेलेल्या तिथेच ठेवल्या. शेंगदाणाला शाळेच्या मैदानावर आखणीसाठी वापरतात ती पांढरी फक्की आठवली. गावातल्या शाळेच्या शिपाईकाकांकडून तिने दोन पिशव्या मागून आणल्या आणि संध्याकाळी भावंडांनी कुंपणाभोवती जाड थर पसरला.

सकाळी फक्कीवर लहानमोठी पावलंच पावलं होती. प्रत्येकापुढे नखांचे ठिपके. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, हे चष्मिसला माहीत होतं. पांढरे ठसे पोल्ट्रीच्या मागच्या फाटक्या जाळीपर्यंत गेले होते; भावंडांनी आत डोकावून पाहिलं आणि मावशीला घेऊन ती पुढच्या दाराशी आली.

मालक दारातच भेटला. शेंगदाणाने त्याला साळसूदपणे विचारलं, "काका, मेलेल्या कोंबड्यांचं काय करता?"

"खोल पुरतो, बाळ. नियमच आहे तसा."

मग ती सगळ्यांना मागच्या त्या जाळीपाशी घेऊन गेली. तिथे उघडा खड्डा मेलेल्या कोंबड्यांनी भरला होता. काठावर सहा मोकाट कुत्री पोट भरून झोपली होती. सगळ्यांचे पंजे पांढरे होते. फुकटच्या मांसाला सोकावलेली ही टोळी आता मेंढ्यांवर आली होती. विषाची बाटली मालकाने मावशीच्या हातात दिली.

दुपारपर्यंत खड्डा बुजला आणि कुत्री पकडणारी गाडी आली. मावशीने दोघांच्या पाठी थोपटल्या, म्हणाली, "माझ्याआधी तुम्ही पाहिलंत."

मेंढीवाल्या बाई म्हणाल्या, "तीस वर्षं मेंढ्या राखतेय मी. पण काल नुसती रडत बसले, जखम कुठे आहे ते बघितलंच नाही."

त्यांनी आठ दिवसांचं एक कोकरू उचलून शेंगदाणाच्या मांडीवर ठेवलं. त्याची आई त्या मेलेल्या चौघींत होती. मावशीने दुधाची बाटली आणून दिली. कोकराने दोनदा तोंड फिरवलं आणि तिसऱ्यांदा ते दूध ओढू लागलं.